मध्यरात्रीचा सूर्य आणि ध्रुवीय रात्र : नागपूरकरांनी विचारलेले प्रश्न

दरवर्षी २६ मेला, नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागून दुसरा दिवस असताना, दुपारी बाराच्या सुमारास मी शाळेच्या मैदानावर मुलांना घेऊन उभा राहतो. मैदानात काठ्या रोवलेल्या असतात. सव्वाबाराच्या आसपास त्यांची सावली आखडत आखडत बुंध्याशी येते आणि नाहीशी होते. ऊन इतकं असतं की पाण्याची बाटली हातात धरवत नाही, तरी मुलं हलत नाहीत. या शून्य सावलीच्या दुपारनंतर हमखास एक प्रश्न येतो : "सर, इथे सूर्य डोक्यावर येतो, मग तिकडे ध्रुवाजवळ तो रात्रभर मावळत नाही ते कसं?" हा प्रश्न पुढे पालक विचारतात, शेजारचे काका विचारतात, नॉर्वेला जायची तयारी करणारे विचारतात. भूगोल शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे मला तो कितीही वेळा विचारलेला चालतो. वारंवार येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं एकदा नीट लिहून काढली आहेत.

मध्यरात्रीचा सूर्य म्हणजे नेमकं काय?

उन्हाळ्यात काही दिवस, काही आठवडे किंवा काही महिने सूर्य चोवीस तासांत एकदाही क्षितिजाखाली जात नाही, त्याला मध्यरात्रीचा सूर्य म्हणतात. रात्री बारालाही तो उत्तरेच्या आकाशात दिसतो (दक्षिण गोलार्धात दक्षिणेच्या आकाशात). हिवाळ्यात याच्या उलट घडतं. चोवीस तासांत सूर्य एकदाही वर येत नाही. ती ध्रुवीय रात्र.

बऱ्याच जणांना वाटतं की तिथे सूर्य आकाशात एका जागी थांबून राहतो. तसं नाही. तो आपल्यासारखाच फिरतो, फक्त त्याचं वर्तुळ संपूर्ण क्षितिजाच्या वर असतं. दुपारी दक्षिणेला उंच चढतो, संध्याकाळी पश्चिमेला उतरतो, मध्यरात्री उत्तरेला सगळ्यांत खाली येतो आणि न बुडता पुन्हा चढू लागतो.

नागपूरच्या गच्चीवरून हे समजून घेता येईल का?

येईल, आणि माझ्या मते तिथूनच समजून घ्यावं.

रात्री उत्तरेकडे तोंड करा. ध्रुवतारा शोधा. तो क्षितिजापासून सुमारे २१ अंशांवर दिसेल, कारण नागपूरचं अक्षवृत्त २१ अंशांच्या जरा पुढे आहे. ध्रुवताऱ्यापासून २१ अंशांच्या आत जे तारे आहेत ते नागपुरात कधीच मावळत नाहीत, त्याच्याभोवती घिरट्या घालतात. सप्तर्षी त्याहून लांब आहेत, म्हणून ते आपल्याकडे मावळतात.

आता मनाने उत्तरेकडे चालू लागा. जितकं उत्तरेला जाल तितका ध्रुवतारा वर चढेल आणि न मावळणाऱ्या ताऱ्यांचं वर्तुळ मोठं होत जाईल. नॉर्वेतल्या ट्रॉम्सो शहरी, म्हणजे जवळजवळ ७० अक्षांशावर, ध्रुवतारा ७० अंश उंच असतो. तिथे सप्तर्षी मावळत नाहीत. आणि जूनमध्ये सूर्य आकाशाच्या उत्तर भागात आलेला असतो, म्हणून तोही त्या न मावळणाऱ्या वर्तुळात सापडतो. सूर्य हाही एक तारा आहे हे आपण पाठ केलेलं असतं. ट्रॉम्सोत जूनच्या मध्यरात्री ते डोळ्यांना दिसतं.

दुसरा प्रयोग संत्र्याचा. नागपुरात त्याची कमतरता नाही. संत्र्यातून देठापासून आरपार विणकामाची सुई घाला. खोलीत अंधार करून मधोमध एक दिवा लावा. सुई उभी न धरता थोडी कलती धरा. किती कलती? घड्याळाचा मिनिटकाटा बारापासून चौथ्या मिनिटाला थोडा कमी पोचेल, तेवढी. पृथ्वीचा आस २३.४ अंश कललेला आहे आणि घड्याळातला एक मिनिट म्हणजे सहा अंश. आता संत्रं स्वतःभोवती फिरवत दिव्याभोवती चाला. इथे मुलं नेहमी एक चूक करतात : चालताना सुईचं टोक सतत दिव्याकडे वळवत राहतात. टोक खोलीच्या एकाच भिंतीकडे ठेवायचं, कारण पृथ्वीचा आस वर्षभर एकाच दिशेला रोखलेला असतो. एवढं सांभाळलंत तर एका बाजूला देठाजवळचा भाग संत्रं कितीही फिरवलं तरी उजेडात राहतो, आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेल्यावर तोच भाग अंधारात जातो.

हा कल आपल्याकडे कुठे जाणवतो?

रोज जाणवतो, आपण त्याला नाव देत नाही इतकंच. २१ जूनला नागपुरात दिवस सुमारे १३ तास २५ मिनिटांचा असतो, २२ डिसेंबरला सुमारे १० तास ५० मिनिटांचा. फुटाळा तलावावर जूनमध्ये सूर्य बुडायला सात वाजतात, डिसेंबरात साडेपाच पावणेसहालाच पाण्यावर अंधार उतरतो. फरक अडीच तासांचा. जसजसं उत्तरेला जाल तसा हाच फरक ताणत जातो, आणि ६६ अंशांच्या पुढे एका टोकाला चोवीस तास, दुसऱ्या टोकाला शून्य होतो. ट्रॉम्सोतला रात्रभराचा सूर्य आणि आपल्या २६ मेची नाहीशी झालेली सावली ही एकाच कलाची दोन रूपं आहेत.

आर्क्टिक वृत्ताच्या पलीकडेच हे का दिसतं? पुस्तकात ६६ अंश ३० मिनिटं लिहिलंय, ते बरोबर आहे का?

पाठ करायला ठीक आहे. नेमकी संख्या ६६ अंश ३४ मिनिटांच्या जवळपास आहे : ९० मधून आसाचा कल वजा करा, हे वृत्त मिळतं. दक्षिणेचं अंटार्क्टिक वृत्तही तितक्याच अंतरावर.

प्रत्यक्षात मात्र निसर्ग या रेषेवर काटेकोर थांबत नाही, आणि यामागचं कारण फार सुंदर आहे. क्षितिजाजवळ हवेतून येताना प्रकाश वाकतो, म्हणजे त्याचं वक्रीभवन होतं. त्यामुळे क्षितिजावरचा सूर्य आपल्याला खरा असतो त्यापेक्षा सुमारे अर्धा अंश वर दिसतो. शिवाय सूर्य म्हणजे ठिपका नव्हे, चकती आहे. तिची नुसती वरची कड दिसली तरी आपण सूर्य उगवला म्हणतो. या दोन्हींमुळे मध्यरात्रीचा सूर्य आर्क्टिक वृत्ताच्या थोडा दक्षिणेलाही दिसतो, आणि ध्रुवीय रात्र मात्र वृत्ताच्या बरीच आत गेल्यावर सुरू होते. फिनलंडचं रोव्हानिएमी शहर जवळजवळ वृत्तावरच आहे. तिथे जूनमध्ये रात्रभर सूर्य दिसतो, पण डिसेंबरच्या ऐन मध्यातही दुपारी तो क्षणभर डोकं वर काढतो. म्हणजे हवा आपल्याला उजेडाच्या बाजूने थोडं जास्तच देते.

याची एक जुनी गोष्ट आहे. १५९६ साली विलेम बॅरेंट्स यांच्या डच मोहिमेचं जहाज नोव्हाया झेम्ल्या बेटाजवळ बर्फात अडकलं. खलाशांनी लाकडांचं घर बांधून हिवाळा काढला. जानेवारी १५९७ मध्ये त्यांच्यातल्या गेरिट दे वेर यांनी सूर्य पाहिला, तोही गणिताने यायला हवा त्याच्या सुमारे दोन आठवडे आधी. घरी परतल्यावर हे सांगितलं तर लोकांना पटेना. खुद्द बॅरेंट्स परतीच्या वाटेवर वारले होते. पुढे उलगडा झाला : अतिथंड हवेच्या थरांत प्रकाश अडकून क्षितिजाच्या वळणाबरोबर वाकत जातो, आणि खरा सूर्य खाली असताना त्याची चपटी प्रतिमा वर दिसते. या आविष्काराला आजही नोव्हाया झेम्ल्याचंच नाव आहे. महिनोन् महिने काळोखात बसलेल्या माणसांना ठरल्या दिवसाच्या आधी सूर्य दिसला तेव्हा काय वाटलं असेल, हा विचार मला वर्गात शिकवतानाही थांबवतो.

ध्रुवीय रात्र म्हणजे दोन महिने काळाकुट्ट अंधार?

नाही. सगळ्यांत जास्त गैरसमज इथेच आहे.

सूर्य क्षितिजाच्या जरा खाली असला तरी आकाश उजळतं, तोच संधिप्रकाश. आपल्याकडे सूर्य बुडाल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत तो सरतो, कारण सूर्य जवळजवळ सरळ खाली जातो. ट्रॉम्सोत २१ डिसेंबरच्या दुपारी सूर्य क्षितिजाच्या जेमतेम तीन अंश खाली असतो. त्यामुळे दुपारी काही तास बाहेर वाचता येईल इतका उजेड असतो, दक्षिणेला गुलाबी-केशरी कड आणि वर गडद निळं आकाश. बर्फ त्या निळाईला परत फेकतो.

नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांवरच्या लाँगयिअरब्येन गावात, ७८ अक्षांशावर, गोष्ट वेगळी. तिथे ऐन हिवाळ्यात दुपारीसुद्धा सूर्य साडेअकरा अंशांहून खाली असतो, त्यामुळे दिवस आणि रात्र यांत डोळ्यांना फारसा फरक कळत नाही. आणि दुपारीही अगदी गडद रात्रीसारखं आकाश हवं असेल तर ८४ अक्षांशाच्याही पुढे, गोठलेल्या समुद्रावर जावं लागेल. तिथे वस्ती नाही.

कुठे किती दिवस?

ठोकताळा असा : ट्रॉम्सोत मध्यरात्रीचा सूर्य २० मेच्या सुमारास सुरू होतो आणि २२ जुलैच्या आसपास संपतो, ध्रुवीय रात्र नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत. लाँगयिअरब्येनमध्ये एप्रिलच्या विशीपासून ऑगस्टच्या विशीपर्यंत सूर्य मावळत नाही, आणि ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत उगवत नाही. अलास्काच्या उत्कियाग्विकमध्ये नोव्हेंबरच्या मध्यानंतर मावळलेला सूर्य सुमारे ६५ दिवसांनी येतो. रशियाचं मुर्मान्स्क हे आर्क्टिक वृत्ताच्या आतलं सगळ्यांत मोठं शहर. तिथली ध्रुवीय रात्र सुमारे चाळीस दिवसांची.

ध्रुवावर खरंच सहा महिने दिवस आणि सहा महिने रात्र असते? "देवांचा एक दिवस म्हणजे आपलं एक वर्ष" हे त्यावरूनच का?

ध्रुवावर वर्षात सूर्योदय एकदा आणि सूर्यास्त एकदा. उत्तर ध्रुवावर मार्चच्या विशीच्या सुमारास, म्हणजे बहुतेक गुढीपाडव्याच्या आगेमागे, सूर्य उगवतो. तो उगवायलाच तीसेक तास घेतो : चकती क्षितिजाला समांतर फिरत फिरत हळूहळू वर येते. २१ जूनला २३.४ अंश उंचीवर पोचतो, त्याहून वर कधीच नाही. सप्टेंबरच्या शेवटी मावळतो. त्याच्या आधी आणि नंतर कित्येक आठवडे संधिप्रकाश असतो.

एक बारकावा : उत्तर ध्रुवाचा दिवस दक्षिण ध्रुवाच्या दिवसापेक्षा सुमारे आठवडाभर मोठा असतो. जुलैच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून सगळ्यांत दूर असते आणि त्यामुळे जरा सावकाश चालते.

देवांच्या दिवसाबद्दल : सूर्यसिद्धान्तात मेरूवर राहणाऱ्या देवांना सूर्य अर्धं वर्ष सतत दिसतो असं स्पष्ट म्हटलं आहे. हे लिहिणारे ध्रुवावर गेले नव्हते. पृथ्वी गोल आहे आणि सूर्य वर्षभरात उत्तर-दक्षिण सरकतो, एवढ्या ज्ञानावरून त्यांनी ते गणिताने काढलं. मला यात फार अभिमान वाटतो, आणि तो गणिताचा अभिमान आहे. मात्र उत्तरायण म्हणजे देवांचा दिवस ही जी समजूत आहे ती तंतोतंत जुळत नाही. ध्रुवावरचा दिवस मार्चच्या संपातापासून (दिवस-रात्र समान होतात तेव्हापासून) सुरू होतो, उत्तरायण तर त्याच्या तीन महिने आधी, डिसेंबरात लागतं.

इथे लोकमान्य टिळकांचं नाव नेहमी निघतं. १९०३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी ऋग्वेदातल्या दीर्घ उषांच्या वर्णनांवरून आर्यांचं मूलस्थान ध्रुवप्रदेशात असल्याचं मांडलं. आजचे पुरातत्त्व आणि भाषाशास्त्राचे अभ्यासक ते मान्य करत नाहीत. पण आयुष्यात ध्रुवप्रदेश न पाहिलेल्या माणसाने ध्रुवावरची दिवसचे दिवस चालणारी पहाट किती बारकाईने समजून घेतली होती, हे जरूर लक्षात घ्यावं.

चोवीस तास ऊन असतं, मग तिथे बर्फ का वितळत नाही? आपल्याकडे बारा-तेरा तासांत ४५ अंश होतात!

नागपूरकराचाच प्रश्न हा. दक्षिण ध्रुवावरचं आजवरचं सर्वाधिक तापमान २५ डिसेंबर २०११ ला नोंदलं गेलं : उणे १२.३ अंश सेल्सियस. म्हणजे ऐन उन्हाळ्यात, तीन महिने अखंड ऊन पडल्यावर.

गंमत अशी की डिसेंबरच्या शेवटी दक्षिण ध्रुवाच्या माथ्यावर, वातावरणाच्या वर, चोवीस तासांत पोचणारी सूर्याची ऊर्जा विषुववृत्तापेक्षाही जास्त असते. पण ती जमिनीत मुरत नाही. बर्फ बहुतेक ऊन परत आकाशात फेकतो. ताज्या बर्फावरून पाचात चार हिस्से, कधी त्याहून जास्त परत जातात. किरण तिरपे येतात, त्यामुळे तेवढंच ऊन जास्त जागेवर पसरतं. शिवाय दक्षिण ध्रुव समुद्रसपाटीपासून सुमारे २,८०० मीटर उंचावर, बर्फाच्या पठारावर आहे. आपल्याकडे मे महिन्यात काळी माती, डांबर आणि सिमेंटच्या गच्च्या ऊन पितात आणि रात्रभर ते परत सोडतात. कूलर रात्री दोनलाही गरम हवा फेकतो तो त्यामुळे.

मग तिथल्या लोकांना वर्षभरात सूर्य आपल्यापेक्षा कमी मिळतो?

वेळ मोजली तर कमी नाही. पृथ्वीवर कुठेही राहा, वर्षभरात सूर्य क्षितिजाच्या वर असण्याचे तास जवळपास सारखेच, अर्धं वर्ष. ध्रुवाकडे तर वक्रीभवनामुळे थोडे जास्तच. आपल्याला ते रोज हप्त्याने मिळतात, त्यांना एकदम.

इतक्या काळोखात माणसं राहतात तरी कशी?

आज बरी राहतात. पूर्वी काय व्हायचं त्याचं सगळ्यांत जिवंत वर्णन बेल्जिका या जहाजाच्या मोहिमेतून मिळतं.

१८९८ च्या मार्चमध्ये हे जहाज अंटार्क्टिकाजवळच्या समुद्रात बर्फात रुतलं. अंटार्क्टिक भागात हिवाळा काढणारी ही पहिली शास्त्रीय मोहीम, तीही नाइलाजाने. मेच्या मध्यात सूर्य गेला तो जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत परतला नाही. जहाजावरचे लोक एकेक करून खचले. चेहरे फिकट पडले, झोप उडाली, काही बोलेनासे झाले. एमिल डॅन्को या तरुण शास्त्रज्ञाचा जूनमध्ये मृत्यू झाला. जहाजावर फ्रेडरिक कुक नावाचे अमेरिकन डॉक्टर होते. त्यांनी दोन गोष्टी केल्या. एक, स्कर्व्हीवर (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या आजारावर) उपाय म्हणून सगळ्यांना सील आणि पेंग्विनचं ताजं मांस खायला लावलं. दोन, आजारी माणसाला रोज काही वेळ धगधगत्या शेगडीसमोर, अंगावरचे कपडे काढून, बसवलं. उजेड आणि ऊब दोन्ही अंगावर पडावेत म्हणून. औषधांच्या पेटीत सूर्य नव्हता, तर त्यांनी शेगडी सूर्याच्या जागी ठेवली. याच जहाजावर रोआल्ड अमुंडसेन नावाचा तरुण अधिकारी होता. तोच पुढे १४ डिसेंबर १९११ ला, मध्यरात्रीच्या सूर्याच्या दिवसांत, दक्षिण ध्रुवावर पोचला.

हिवाळ्यातल्या उदासीचं वैद्यकीय वर्णन १९८४ मध्ये अमेरिकेत डॉ. नॉर्मन रोझेन्थल आणि सहकाऱ्यांनी केलं, आणि तेजस्वी दिव्यासमोर सकाळी बसण्याचा उपचार रूढ झाला. कुक यांची शेगडी त्याच्या पाऊण शतकाहून आधीची.

आज उत्तर नॉर्वेत हिवाळ्यात घराघरांत खिडकीत दिवे असतात, जीवनसत्त्व ड साठी कॉड माशाच्या यकृताचं तेल घेतलं जातं, आणि काळोख आहे म्हणून कुणी घरात बसत नाही. मुलं डोक्याला दिवा लावून बर्फावर घसरायला जातात. हॅमरफेस्टसारख्या लहान गावाने १८९१ मध्येच रस्त्यांवर विजेचे दिवे लावले. ज्याच्याकडे काळोख जास्त, त्याला दिव्याची किंमत आधी कळली.

सूर्य परत येतो तेव्हा काही सण असतो का?

असतो, आणि मला तो आपल्या संक्रांतीच्या फार जवळचा वाटतो. ट्रॉम्सोत सूर्य १५ जानेवारीच्या सुमारास परततो, म्हणजे बरोबर आपण इथे तिळगूळ वाटतो त्या दिवसांत. पण आजूबाजूच्या डोंगरांमुळे शहरातून तो दिसायला २१ जानेवारी उजाडते. त्या दिवशी लोक गोड गोल पाव खातात, त्यांना सूर्याचे पाव म्हणतात. लाँगयिअरब्येनमध्ये तर ८ मार्चपर्यंत वाट पाहावी लागते. तिथल्या जुन्या दवाखान्याच्या पायऱ्यांवर सूर्याचं पहिलं किरण पडतं तो दिवस. मुलं चेहऱ्यावर सूर्य रंगवून पायऱ्यांपाशी जमतात आणि त्याला हाका मारतात. आपण त्याच सुमारास माळ्यावरून कूलर उतरवत असतो.

(आपली संक्रांत १४ जानेवारीला आणि खरं उत्तरायण २१-२२ डिसेंबरला, हा फरक पृथ्वीच्या आसाच्या संथ परांचन गतीमुळे (भोवऱ्यासारख्या डुलण्यामुळे) शतकानुशतकं साठत गेला आहे.)

संकष्टीला चंद्रोदय कधी धरायचा?

आमच्या शेजारच्या काकूंचा प्रश्न, मुलगा तिकडे गेला तेव्हाचा. मला तो इतका आवडला की दोन संध्याकाळी त्यावर बसलो.

पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो. म्हणून हिवाळ्यात सूर्य जिथे उन्हाळ्यात असतो तिथे पौर्णिमेचा चंद्र असतो. लाँगयिअरब्येनमध्ये दत्तजयंतीचा चंद्र मावळतच नाही, चोवीस तास आकाशात गोल फिरतो. ध्रुवीय रात्रीला हा मोठा दिलासा : ऐन काळोखाच्या दिवसांत पौर्णिमेच्या आगेमागे बर्फावर अखंड चांदणं. उलट वटपौर्णिमेचा चंद्र तिथे उगवतच नाही. आकाशात सूर्य अखंड असतो आणि चंद्र क्षितिजाखाली.

त्यामुळे संकष्टीला तिथे काही महिने "चंद्रोदय" हा शब्दच लागू पडत नाही. मी काकूंना म्हटलं, मुलाला नागपूरच्या पंचांगाची वेळ फोनवर कळवा, त्या वेळी त्याने उपास सोडावा. रमजानच्या रोज्यांनाही हीच अडचण येते, आणि तिथले अनेक मुस्लिम मक्केची किंवा जवळच्या दक्षिणेकडच्या शहराची वेळ धरतात.

आपली माणसं तिथे राहतात का?

राहतात. अंटार्क्टिकात भारताची दोन केंद्रं चालू आहेत : १९८९ चं मैत्री आणि २०१२ चं भारती. त्याआधीचं दक्षिण गंगोत्री बर्फाखाली गेलं. मैत्री सुमारे ७१ दक्षिण अक्षांशावर आहे. तिथे मेच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य जातो तो जुलैच्या तिसऱ्या आठवड्यानंतर येतो. म्हणजे इथे नवतप्यात आपण सूर्याला दूर लोटत असतो, नेमक्या त्याच दिवसांत हिवाळी तुकडीतले आपले लोक त्याची वाट पाहत असतात. २१ जून हा तिथल्या सगळ्या देशांच्या केंद्रांवर मोठा दिवस. अर्धी रात्र सरली म्हणून जेवणावळी होतात, केंद्रं एकमेकांना शुभेच्छा पाठवतात.

उत्तरेला स्वालबार्डमध्ये न्यू-ऑलेसुंड इथे १ जुलै २००८ पासून हिमाद्री हे भारतीय केंद्र आहे. आधी तिथे मुख्यतः उन्हाळ्यात काम चाले. डिसेंबर २०२३ पासून हिवाळ्यातल्या ध्रुवीय रात्रीतही भारतीय शास्त्रज्ञ जाऊ लागले. शाळेतल्या मुलांना हे जरूर सांगा.

सेंट पीटर्सबर्गच्या "शुभ्र रात्री" म्हणजे मध्यरात्रीचा सूर्यच ना?

नाही. ते शहर ६० अक्षांशावर आहे. सूर्य मावळतो, पण फार खाली जात नाही, म्हणून रात्रभर संधिप्रकाश राहतो. रेक्याविकमध्येही तसंच. आइसलंडचं फक्त ग्रिमसे बेट आर्क्टिक वृत्ताला टेकतं.

फिरायला कधी आणि कुठे जावं?

सूर्य पाहायचा की ध्रुवीय प्रकाश (रात्रीच्या आकाशातले रंगीत झोत, अरोरा), हे आधी ठरवा. दोन्ही एका सहलीत मिळत नाहीत. ध्रुवीय प्रकाशाला काळोख लागतो, तो साधारण सप्टेंबर ते मार्च. मध्यरात्रीचा सूर्य हवा असेल तर जून धरा, आणि ट्रॉम्सो, नॉर्डकॅप किंवा स्वीडनचं किरूना यांपैकी एक. ट्रॉम्सोत सूर्य घड्याळाच्या बाराला नव्हे, पाऊणच्या सुमारास सगळ्यांत खाली असतो, कारण उन्हाळ्यात तिथली घड्याळं तासभर पुढे केलेली असतात. बारा वाजता फोटो काढून झोपायला जाऊ नका.

स्वालबार्डला जायला व्हिसा लागत नाही. १९२० च्या तहाने ते सर्वांना खुलं आहे, आणि भारतही त्या तहात आहे. पण तिथे जाताना नॉर्वेतून जावं लागतं आणि परत नॉर्वेतच यावं लागतं, म्हणून दोनदा प्रवेशाचा शेंगेन व्हिसा काढा.

झोपेसाठी डोळ्यांवरची पट्टी न्या. उजेडात शरीराला रात्र झाल्याचं कळत नाही, झोप आणणारं मेलॅटोनिन उशिरा पाझरतं, आणि रात्री दोनलाही माणसाला चालत सुटावंसं वाटतं. घड्याळाकडे बघून जेवा आणि घड्याळाकडे बघून झोपा.

मध्यरात्रीच्या सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी बघता येतं का?

क्षितिजाला टेकलेला, लाल झालेला असेल तर क्षणभर. चढलेला असेल तर नाही. कॅमेऱ्यातून किंवा दुर्बिणीतून मुळीच नाही.

प्राणी आणि झाडांचं काय?

रेनडियरच्या डोळ्याच्या मागच्या थराचा रंग उन्हाळ्यात सोनेरी असतो आणि हिवाळ्यात निळा होतो, म्हणजे अंधुक उजेड जास्त टिपता यावा म्हणून डोळाच बदलतो. आर्क्टिक सुरय हा पक्षी उत्तरेचा उन्हाळा संपवून अंटार्क्टिकाच्या उन्हाळ्यात जातो, त्यामुळे आयुष्यात सगळ्यांत जास्त दिवसाचा उजेड पाहणारा जीव बहुधा तोच. आपल्या तलावांवर नदी सुरय दिसतो, तो त्याचा भाऊबंद. अलास्कात लांब दिवसांमुळे भाज्या अवाढव्य वाढतात. तिथल्या जत्रेत २०१२ मध्ये ६२ किलोंहून जास्त वजनाची कोबी आली होती. आमच्या भिवापूरकडच्या एका शेतकऱ्याला हे सांगितलं तर तो कितीतरी वेळ हातांनी तिचा आकार मोजत बसला.

आर्क्टिक वृत्त कायम एकाच जागी असतं का?

नाही. पृथ्वीचा कल सुमारे ४१,००० वर्षांच्या चक्रात २२.१ ते २४.५ अंशांमध्ये हलतो. सध्या तो कमी होतोय, म्हणून आर्क्टिक वृत्त दरवर्षी साधारण चौदा-पंधरा मीटर उत्तरेला सरकतं आणि कर्कवृत्त तेवढंच दक्षिणेला, आपल्याकडे येतं. पण नागपुरात मध्यरात्रीचा सूर्य यायला पृथ्वी ६९ अंशांच्या आसपास कलावी लागेल. तसं पाहायचं तर युरेनस आहे : तो जवळजवळ आडवा पडून फिरतो आणि त्याच्या ध्रुवांवर ४२ वर्षं दिवस, ४२ वर्षं रात्र.

मुलांसोबत काय करून बघावं?

गच्चीवर एक मीटरची काठी उभी करा आणि वर्षभर तीन दुपारी तिची सावली मोजा, सव्वाबाराच्या आगेमागे. २६ मेला ती नसेल. २१ जूनला ती चारेक सेंटीमीटरची असेल आणि दक्षिणेला पडेल, आपल्याला सवय नाही त्या बाजूला. ढग मात्र अडवतात. २२ डिसेंबरला ती उत्तरेला पडेल आणि जवळजवळ काठीएवढीच लांब असेल, कारण त्या दुपारी नागपुरात सूर्य ४५ अंशांवर असतो. मुलाला तिथेच उन्हात उभं करून त्याची सावली मापायला सांगा. ती त्याच्या उंचीएवढी भरली की मग त्याला विचारा, आत्ता ट्रॉम्सोत काय असेल.